चौतीस टक्के मते आणि ४११ जागा: २०२४ नंतरचे ब्रिटिश राजकारण कसे समजून घ्यावे?

नागरिकशास्त्र (९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.१०)

सप्रेम नमस्कार. मी एका तालुक्याच्या ठिकाणी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला तौलनिक शासनपद्धती हा विषय शिकवतो. ब्रिटिश संसदीय पद्धतीचा पाठ दरवर्षी येतो आणि इतकी वर्षे तो मी जवळपास त्याच टिपणांवरून शिकवत आलो: दोन मोठे पक्ष, एकसदस्यीय मतदारसंघ, सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, आणि त्यातून येणारे स्थिर सरकार. या वर्षी मात्र ४ जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीचे आकडे फळ्यावर लिहिले आणि माझ्याच टिपणांनी माझी पंचाईत केली.

मजूर पक्षाला ३३.७ टक्के मते आणि ६५० पैकी ४११ जागा. हुजूर पक्षाला २३.७ टक्के मते आणि १२१ जागा. नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके या पक्षाला १४.३ टक्के मते आणि अवघ्या ५ जागा, तर त्याहून कमी, म्हणजे १२.२ टक्के मते मिळवणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ७२ जागा. मतदान झाले सुमारे ६० टक्के, म्हणजे २००१ नंतरचे सर्वांत कमी. एका विद्यार्थिनीने वहीत हिशेब केला आणि सांगितले, की यादीत नाव असलेल्या दर पाच मतदारांपैकी जेमतेम एकाने या पक्षाला मत दिले आहे आणि तरी सभागृहातील जवळपास दोन तृतीयांश जागा त्याच्या आहेत. मग तिने विचारले, "सर, याला कौल म्हणायचे की अपघात?"

मी तिला नेहमीचे उत्तर दिले, की विरोधकांची मते विभागली गेली. २०१४ साली आपल्याकडेही भारतीय जनता पक्षाला सुमारे ३१ टक्के मतांवर लोकसभेच्या २८२ जागा मिळाल्या होत्या, आणि ही पद्धत आपण ब्रिटिशांकडूनच घेतलेली आहे, हेही सांगितले. पण उत्तर देताना ते अपुरे पडत असल्याचे मला जाणवत होते. आपल्याकडे बहुपक्षीय लढती नव्या नाहीत. ब्रिटनमध्ये १९५१ साली दोन मोठ्या पक्षांची मते मिळून जवळपास ९७ टक्के होती, २०१७ मध्येही ती ८२ टक्के होती, आणि २०२४ मध्ये ती ५७ टक्क्यांवर आली. शिवाय एवढे बहुमत हाती असलेले सरकार सोळा महिन्यांत आपल्याच खासदारांपुढे माघार घेताना दिसते, हे तर माझ्या टिपणांत कुठेच बसत नाही.

तेव्हा जाणकारांना दोन गोष्टी विचारतो. जागांचा हा डोंगर केवळ मतविभागणीतून उभा राहिला का? आणि बहुमत इतके मोठे असताना सरकार इतके अशक्त का दिसते? ब्रिटनमध्ये राहणाऱ्या सभासदांनी तेथे पाहिलेले लिहिले तर विद्यार्थ्यांना अधिक उपयोग होईल.

अंकगणिती (९ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.३५)

सर, मतविभागणी हे उत्तर चूक नाही, पण ते अर्धेच आहे. किती मते फुटली याच्या इतकेच महत्त्व ती कोठे पडली याला आहे.

प्रथम मजूर पक्षाची स्वतःची मते पाहू. २०१७ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली पक्षाला ४० टक्के, म्हणजे जवळपास १ कोटी २९ लाख मते मिळाली आणि पक्ष २६२ जागांवर थांबून हरला. २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ३ लाख मते मिळाली आणि तो पक्षाचा १९३५ नंतरचा सर्वांत दारुण पराभव ठरला. २०२४ मध्ये कीर स्टार्मर यांना मिळाली सुमारे ९७ लाख, आणि तो प्रचंड विजय ठरला. मतटक्का पाहिला तर २०१९ च्या तुलनेत वाढ दीड टक्क्याच्या आसपास आहे, आणि तीही मुख्यतः स्कॉटलंडमधून आलेली आहे, जेथे स्कॉटिश नॅशनल पार्टी ४८ जागांवरून ९ वर घसरली आणि मजूर पक्ष एका जागेवरून ३७ वर गेला. वेल्समध्ये तर पक्षाचा टक्का कमी झाला, तरीही ३२ पैकी २७ जागा त्यालाच मिळाल्या. त्यामुळे मजूर पक्ष कसा जिंकला यापेक्षा हुजूर पक्ष ४३.६ टक्क्यांवरून २३.७ वर कसा आला, हे विद्यार्थ्यांना आधी विचारायला हवे.

त्याचे एक मोठे कारण उजव्या बाजूला आहे. २०१९ मध्ये फराज यांच्या तेव्हाच्या ब्रेक्झिट पक्षाने हुजूर पक्षाच्या ताब्यातील ३१७ मतदारसंघांत उमेदवारच दिले नव्हते. २०२४ मध्ये अशी कोणतीही सवलत नव्हती. माजी पंतप्रधान लिझ ट्रस नैऋत्य नॉर्फोकमध्ये ६३० मतांनी पडल्या, आणि तेथे रिफॉर्मच्या उमेदवाराला त्याच्या कित्येक पट मते होती. उत्तर लंडनमधील हेंडन मजूर पक्षाने १५ मतांनी जिंकले, दक्षिण किनाऱ्यावरचे पूल १८ मतांनी. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या एखाद्या प्रभागात असे निकाल लागतात.

परंतु लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे उदाहरण मला अधिक शिकवणारे वाटते. २०१९ मध्ये त्यांना ११.५ टक्के मते आणि ११ जागा होत्या. २०२४ मध्ये टक्का पाऊण टक्क्यानेही वाढला नाही आणि जागा झाल्या ७२. त्यांनी कार्यकर्ते, पैसा आणि प्रचारात लक्ष वेधण्यासाठी पक्षनेते एड डेव्ही यांनी केलेले पाण्यात पडण्याचे जाहीर खेळ, हे सारे दक्षिण इंग्लंडमधील अशा सुखवस्तू मतदारसंघांवर लावले, जेथे पहिला हुजूर आणि दुसरे आपण होतो. इतरत्र त्यांनी जवळपास नाव नोंदवण्यापुरते उमेदवार ठेवले. मजूर पक्षाशी कोणताही जाहीर समझोता नव्हता. पण आपल्या मतदारसंघात हुजूर उमेदवाराला कोण पाडू शकतो, हे मतदारांनी ओळखले आणि त्याच्या पारड्यात मत टाकले. डेव्हिड कॅमेरॉन यांचे विटनी आणि थेरेसा मे यांचे मेडनहेड याच रीतीने गेले. चिचेस्टर तर शंभर वर्षे हुजूर पक्षाकडे होते.

रिफॉर्मची मते याच्या उलट, सगळीकडे सारखी पसरलेली होती. एका जागेमागे मजूर पक्षाला सुमारे २३,६०० मते पडली, लिबरल डेमोक्रॅट पक्षाला सुमारे ४९,००० आणि रिफॉर्मला ८ लाखांहून अधिक. हा अन्याय नवा नाही. १९८३ मध्ये लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट आघाडीला २५.४ टक्के मतांवर २३ जागा मिळाल्या आणि केवळ दोन टक्के अधिक मिळवणाऱ्या मजूर पक्षाला २०९. पण रिफॉर्म ९८ मतदारसंघांत दुसऱ्या क्रमांकावर राहिला आणि त्यांपैकी ८९ मजूर पक्षाने जिंकलेले आहेत, हा आकडा लंडनमधील सत्ताधाऱ्यांची झोप उडवणारा आहे.

थोडक्यात, हे पाणी घागरीतले नसून परातीतले आहे. पसारा मोठा दिसतो, पण परात एका बाजूने बोटभर उचलली की सगळे पाणी दुसऱ्या काठावरून जाते.

सोअरकाठची (१० नोव्हेंबर २०२५, पहाटे २.२०)

मी मूळची कोल्हापूरची, गेली अकरा वर्षे लेस्टरमध्ये आहे. सरांच्या विद्यार्थ्यांना कदाचित ठाऊक नसेल, की ब्रिटनमध्ये वैध परवान्यावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून येथील संसदीय निवडणुकीतही मत देता येते, जो हक्क येथे राहणाऱ्या फ्रेंच किंवा जर्मन नागरिकाला नाही. मी भारतीय पासपोर्ट दाखवूनच मत दिले. यंत्र नाही, बोटाला शाई नाही. कागदी मतपत्रिकेवर पेन्सिलीने फुली मारायची आणि पेटीत टाकायची. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत मतदान चालते, आणि दहाच्या ठोक्याला दूरचित्रवाणीवर मतदानोत्तर चाचणी जाहीर होते. तिने मजूर पक्षाला ४१० जागा दिल्या होत्या, प्रत्यक्षात ४११ आल्या.

देशाचा कल म्हणून जे सांगितले जाते ते आमच्या शहरात त्या रात्री पार उलटे झाले. लेस्टर पूर्व मतदारसंघ हुजूर पक्षाच्या शिवानी राजा यांनी मजूर पक्षाकडून ४,४२६ मतांनी घेतला. त्या निवडणुकीत हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून हिसकावलेली देशभरातली ही एकमेव जागा होय. त्याचे कारण घरगुती होते: मजूर पक्षाचे दोन माजी खासदार पक्षाविरुद्ध उभे होते, कीथ वाझ 'वन लेस्टर' या पक्षातर्फे आणि क्लॉडिया वेब अपक्ष, आणि त्या दोघांची मते या फरकाच्या दुपटीहून अधिक भरली. शेजारच्या लेस्टर दक्षिणमध्ये मजूर पक्षाच्या पहिल्या फळीतील नेते जोनाथन ॲशवर्थ, जे मागच्या वेळी २२ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले होते, ते अपक्ष शौकत ॲडम यांच्याकडून ९७९ मतांनी हरले. तेथे गाझामधील युद्धाबाबत पक्षाने घेतलेली भूमिका हा निर्णायक प्रश्न होता. म्हणजे काही किलोमीटरच्या अंतरावर एकाच पक्षाचे दोन पराभव झाले, आणि त्यांची कारणे एकमेकांशी जराही जुळत नाहीत. भारतातील वृत्तपत्रे 'आशियाई मतदारांनी काय केले' असा मथळा देतात तेव्हा मला नेहमी प्रश्न पडतो, की बेलग्रेव्ह रोडवरचा गुजराती व्यापारी आणि हायफील्ड्समधला मुस्लिम तरुण या एका शब्दात कसे मावतात.

अंकगणिती यांनी उजव्या बाजूची फूट नेमकी दाखवली आहे. माझी भर एवढीच, की डावीकडेही गळती सुरू झाली होती, आणि एकूण जागांच्या झगमगाटात ती त्या आठवड्यात कोणाला दिसली नाही. ब्लॅकबर्न, ड्यूसबरी-बॅटली आणि बर्मिंगहॅम पेरी बार येथे मजूर पक्ष अपक्षांकडून हरला. इस्लिंग्टन नॉर्थमध्ये पक्षाबाहेर गेलेले कॉर्बिन अपक्ष म्हणून जिंकले. ब्रिस्टल सेंट्रल ग्रीन पक्षाने घेतले. पुढे आरोग्यमंत्री झालेले वेस स्ट्रीटिंग इलफर्ड नॉर्थमध्ये एका तरुण अपक्ष उमेदवारापासून ५२८ मतांनी कसेबसे वाचले. ग्रीन पक्ष सुमारे चाळीस मतदारसंघांत दुसरा आला आणि त्यांतले जवळपास सगळे मजूर पक्षाचे आहेत. परात एका बाजूने उचलली जाईल असे समजून चालणे धाडसाचे होईल. ती दोन्हीकडून उचलली जात आहे.

जुनाजाणता (१० नोव्हेंबर २०२५, सकाळी १०.०५)

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरीही सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळते असे मला वाटत नाही, उलट थोडी दिशाभूल होण्याचा संभव आहे. कमी टक्का म्हणून दुबळे सरकार, हा संबंध इतिहासात टिकत नाही. १९५१ मध्ये ॲटली यांच्या मजूर पक्षाला चर्चिल यांच्या पक्षापेक्षा अधिक मते होती; सरकार चर्चिल यांचे आले आणि हुजूर पक्ष पुढे तेरा वर्षे सत्तेवर राहिला. २००५ मध्ये टोनी ब्लेअर यांना ३५.२ टक्के मते होती, म्हणजे स्टार्मर यांच्यापेक्षा दीड टक्का अधिक, पण त्या सरकारला कोणी पहिल्याच वर्षी डळमळीत म्हटले नाही. ब्रिटनच्या घटनात्मक प्रथेत मतटक्क्याला स्थान नाही. हाऊस ऑफ कॉमन्सचा विश्वास ज्याच्यावर आहे तो पंतप्रधान.

दुबळेपणाचे मूळ माझ्या मते निवडणुकीपूर्वी काय सांगितले आणि काय सांगितले नाही यात आहे. मजूर पक्षाच्या जाहीरनाम्याने आयकर, राष्ट्रीय विमा (पगारावर कामगार आणि मालक दोघांनी भरायची वर्गणी) आणि मूल्यवर्धित कर वाढवणार नाही असे वचन दिले. हुजूर पक्षाला घालवा, एवढे लोकांना पटलेले होते. पुढे काय करायचे हे सांगून मते जोखमीत टाकण्याची पक्षाला गरज वाटली नाही. सत्ता हाती आल्यावर चार आठवड्यांच्या आत, २९ जुलैला, अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी तिजोरीत २२ अब्ज पौंडांची तूट आढळल्याचे सांगितले आणि निवृत्तांना हिवाळ्यात मिळणारा इंधनभत्ता केवळ गरिबांपुरता मर्यादित केला. सुमारे एक कोटी वृद्धांचा भत्ता बंद झाला. रक्कम वर्षाला दोनशे ते तीनशे पौंड, पण हे कोणी प्रचारात सांगितले नव्हते. ३० ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात सुमारे ४० अब्ज पौंडांची करवाढ आली, आणि तिचा सर्वांत मोठा वाटा मालकांनी भरायच्या राष्ट्रीय विम्याचा दर १३.८ वरून १५ टक्के करण्यातून आला. वचन कामगारांच्या हिश्श्यापुरते होते, असा खुलासा सरकारने केला. शब्दशः तो बरोबर असेलही. मात्र मतदार जाहीरनामा वकिलाच्या नजरेने वाचत नाही. जून २०२५ मध्ये भत्त्याचा निर्णय बहुतांशी मागे घेतला गेला, तेव्हा नाराजीही पदरी पडली होती आणि बचतही हातची गेली होती.

खासदारांच्या बंडाबद्दल एक गोष्ट भारतीय विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावी. ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदी कायदा नाही. आपल्याकडे १९८५ च्या दहाव्या परिशिष्टानंतर पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. तेथे फार तर पक्षातून निलंबन होते आणि सभागृहातील जागा कायम राहते. तो कायदा असूनही आमदारांचे गट सुरत-गुवाहाटीला कसे जातात हे महाराष्ट्राने पाहिले आहे, त्यामुळे कायद्याची महती मी गाणार नाही. फरक एवढाच, की तेथील बंड उघड आणि एकेका विधेयकापुरते असते. जुलै २०२४ मध्ये दोन अपत्यांपुरत्या मर्यादित बालभत्त्याच्या प्रश्नावर सात खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिले आणि त्यांना निलंबित करण्यात आले. वर्षभरात चित्र पालटले. अपंगांच्या आर्थिक साहाय्याच्या अटी कडक करणाऱ्या विधेयकाविरुद्ध १२० हून अधिक मजूर खासदारांनी सह्या केल्या, आणि १ जुलै २०२५ ला विधेयकाचा गाभाच काढून टाकल्यावर ते कसेबसे पुढे सरकले. सातांना निलंबित करता येते, सव्वाशेंना नाही.

मोठे बहुमतच येथे आड येते, असे माझे निरीक्षण आहे. चार-दोन जागांच्या बहुमतात प्रत्येक खासदार जाणतो, की आपण हललो तर सरकार पडेल. दीडशेच्या वर बहुमत असले, की प्रत्येकाला वाटते, आपल्या एकट्याने काय बिघडते, मतदारसंघातील लोकांना तोंड दाखवायला तरी जागा राहील. त्यातच निम्म्याहून अधिक मजूर खासदार पहिल्यांदाच निवडून आलेले. त्यांना मंत्रिपद मिळण्याची आशा थोडी, आणि पुढच्या वेळी पडण्याची भीती मोठी.

नागरिकशास्त्र (१० नोव्हेंबर २०२५, दुपारी १.४०)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुनाजाणता साहेब, मोठे बहुमत बंडाला धीट करते हा मुद्दा मला नवा होता आणि पटला. पण एक शंका राहते. ब्लेअर यांच्या २००५ च्या विजयाचे उदाहरण पूर्ण लागू पडते का? त्या वेळी दोन मोठे पक्ष मिळून ६७ टक्क्यांच्या पुढे होते. मजूर पक्षावर रागावलेल्या मतदाराला जायला मुख्यतः हुजूर किंवा लिबरल डेमोक्रॅट एवढीच दारे होती. आता रागावलेल्या मतदारासाठी उजवीकडे रिफॉर्म, डावीकडे ग्रीन आणि अपक्ष, स्कॉटलंड-वेल्समध्ये तेथील राष्ट्रवादी पक्ष, अशी दारे उघडी आहेत. तेव्हा तोच ३४ टक्के आकडा दोन काळांत एकाच वजनाचा मानता येईल असे मला वाटत नाही.

जुनाजाणता (१० नोव्हेंबर २०२५, दुपारी ३.१५)

हा आक्षेप रास्त आहे आणि मी तो मान्य करतो. २००५ मध्ये सरकारचा पाया वितळण्यासाठी मतदारांना एका विशिष्ट दिशेने जावे लागले असते. आज ते कोणत्याही दिशेने गेले तरी चालते. माझा आग्रह इतकाच, की मतदारांना जाण्याचे कारण सरकारने स्वतः पुरवले.

तळटीप (१० नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ७.३०)

सरांनी फळ्यावर लिहिण्यापूर्वी काही बारीक दुरुस्त्या. बहुमत कोठे १७२ तर कोठे १७४ छापलेले आढळेल. सभापती लिंडसे हॉईल यांना त्यांच्या मूळच्या मजूर पक्षात धरले तर ४१२ आणि १७४, वेगळे ठेवले तर ४११ आणि १७२. प्रत्यक्षातील बहुमत याहूनही अधिक आहे, कारण उत्तर आयर्लंडमधील १८ पैकी ७ जागा जिंकणारा शिन फेन पक्ष ब्रिटिश राजमुकुटाशी निष्ठेची शपथ घेत नाही आणि त्याचे खासदार सभागृहात बसतच नाहीत. उत्तर आयर्लंडची पक्षव्यवस्था पूर्णपणे निराळी असल्यामुळे वरची चर्चा तिला लागू करू नये.

आणि एक गंमत: नव्या सीमांकनानंतर एकट्या इंग्लंडच्या वाट्याला ५४३ मतदारसंघ आले आहेत, आपल्या लोकसभेइतकेच. निव्वळ योगायोग आहे, पण परीक्षेत लक्षात ठेवायला सोपा.

सेव्हर्नपार (११ नोव्हेंबर २०२५, पहाटे ४.५०)

मी कार्डिफमध्ये असतो. चर्चा २०२४ च्या निकालाभोवती फिरते आहे, पण त्यानंतर जे घडले त्यामुळे निवडणूक पद्धतीबद्दलचा वादच उलटा झाला आहे, असे मला वाटते.

आतापर्यंत या पद्धतीचे समर्थक सांगत, की ती अतिरेकी आणि नवख्या पक्षांना बाहेर ठेवते. फराज यांच्या तेव्हाच्या युकिप या पक्षाला २०१५ मध्ये १२.६ टक्के मतांवर एकच जागा देऊन तिने ते काम चोख केले होते. पण लढती पाच-सहा पक्षांत होऊ लागल्या, की जिंकण्यासाठी लागणारी मते खाली येतात, आणि ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचलेल्या कोणालाही तेच दार सताड उघडते. १ मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्मने ६७७ जागा आणि दहा परिषदा जिंकल्या. केंट आणि लँकेशायर त्यांत आहेत, आणि खाणकामगारांचे, मजूर पक्षाचे माहेरघर समजले जाणारे डरहॅमही. त्याच दिवशी रंकॉर्न आणि हेल्सबीच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाने सार्वत्रिक निवडणुकीत १४ हजारांहून अधिक मताधिक्याने जिंकलेली जागा रिफॉर्मने ६ मतांनी घेतली. त्यानंतर देशव्यापी मतचाचण्यांत हा पक्ष सातत्याने पहिल्या क्रमांकावर आहे. ज्या रचनेने २०२४ मध्ये स्टार्मर यांना झुकते माप दिले, तीच पुढच्या वेळी फराज यांना देऊ शकते, हे आता मजूर पक्षातले लोकही बोलतात.

मग पद्धत बदलत का नाही? २०११ च्या मे महिन्यात पसंतीक्रमाच्या मतदानावर सार्वमत झाले आणि ६७.९ टक्के लोकांनी ते नाकारले. ती पद्धतही खरे तर प्रमाणशीर नव्हती, पण 'लोकांनी एकदा नको म्हटले' हे उत्तर तेव्हापासून तयार आहे. डिसेंबर २०२४ मध्ये लिबरल डेमोक्रॅट खासदार सारा ओल्नी यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे विधेयक मांडण्याची परवानगी मागितली आणि ती १३८ विरुद्ध १३६ मतांनी मिळाली. अनेक मजूर खासदार बाजूने होते, पण सरकारच्या पाठिंब्याविना अशी विधेयके पुढे जात नाहीत, आणि ते गेलेही नाही. ज्या शिडीने वर चढलो ती कोण काढील?

आमच्या वेल्समध्ये मात्र बदल होऊ घातला आहे. येथील विधिमंडळाला सेनेड म्हणतात. २३ ऑक्टोबरला त्याच्या केअरफिली मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. या खोऱ्यात मजूर पक्ष शंभर वर्षे हरला नव्हता. या वेळी त्याला ११ टक्के मते मिळाली. प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाने ४७ टक्के मतांनी जागा जिंकली आणि रिफॉर्म ३६ टक्क्यांवर दुसरा आला. रिफॉर्म येऊ नये म्हणून जन्मभर मजूर पक्षाला मत देणारे कितीतरी लोक प्लाइडकडे वळले. माझ्या शेजारच्या आजोबांची बहीण तेथे राहते. तिने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या पक्षापुढे फुली मारली आणि घरी येऊन कोणाला सांगितले नाही, असे ते हसत हसत सांगत होते.

नागरिकशास्त्र (११ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९.२०)

केअरफिलीचे उदाहरण मी वर्गात अवश्य घेईन. सेव्हर्नपार, आपण वेल्समध्ये बदल होऊ घातला आहे असे लिहिले, पण तो नेमका कोणता हे सांगायचे राहिले. तेथेही सर्वाधिक मते मिळवणारा विजयी हीच पद्धत नाही का?

सेव्हर्नपार (१२ नोव्हेंबर २०२५, पहाटे १.०५)

क्षमस्व सर, लिहिण्याच्या ओघात राहून गेले. आजवर मिश्र पद्धत होती: ४० सदस्य मतदारसंघांतून आपल्याच रीतीने निवडले जात आणि २० पक्षांच्या प्रादेशिक याद्यांतून. मे २०२६ च्या निवडणुकीपासून सेनेडचे सदस्य ६० वरून ९६ होतील. १६ मतदारसंघ असतील, प्रत्येकातून सहा सदस्य, आणि मत व्यक्तीला न देता पक्षाच्या यादीला द्यायचे. जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातील. यादीतला क्रम पक्ष ठरवणार, मतदार नाही, आणि त्यावर येथे बरीच टीका आहे. केअरफिलीत झाले तसे एकाला पाडण्यासाठी दुसऱ्याला मत देण्याचे कारण यात बरेच कमी होते. हे विधेयक मजूर पक्षाने प्लाइडच्या साथीने मंजूर केले, तेव्हा मजूर पक्ष वेल्समध्ये पहिल्या क्रमांकावर होता. आता चाचण्यांत प्लाइड आणि रिफॉर्म पुढे आहेत, आणि जुनी पद्धत राहिली असती तर मजूर पक्षाच्या हाती मतदारसंघांतल्या जागा किती उरल्या असत्या, याचा हिशेब कार्डिफमधले त्यांचे कार्यकर्ते आता चहाच्या टेबलावर मांडत असतात.